दुचाकीचा जीपीएस ट्रॅकर : निवडताना काय पाहावे, ठिपका दिसल्यावर काय करावे

कल्याण पूर्वेच्या एका वस्तीत राहणारा, घरोघरी जेवणाची पार्सले पोहोचवणारा तरुण. पहाटे इमारतीखालून त्याची दुचाकी चोरीला गेली. गाडी सेकंडहँड, पण कर्जावर घेतलेली; सात हप्ते बाकी होते. गाडीला ट्रॅकर बसवला होता म्हणून तो आधी घाबरला नाही. मोबाइल उघडला तर नकाशावरचा ठिपका दीड महिन्यापूर्वीच्या तारखेवर थांबलेला. ट्रॅकरमधल्या सिमचे वर्ष संपले होते आणि नूतनीकरणाचा संदेश त्याने जाहिरात समजून पुसून टाकला होता. गाडी गेली, तिच्याबरोबर रोजची कमाई गेली, हप्ते मात्र चालू राहिले.

हे त्याच्या एकट्याचे नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या वस्त्यांत काम करताना दुचाकीचोरीनंतर कागद घेऊन येणारी माणसे आम्हाला वरचेवर भेटतात. आपल्याकडे दुचाकी ही हौस नाही. कोणी तिच्यावर पार्सले पोहोचवतो, कोणी प्लंबिंगचे सामान घेऊन फिरतो, कोणी घरापासून स्टेशनपर्यंत जाऊन गाडी तिथेच लावतो आणि लोकल पकडतो. कल्याण ते मुंबई सीएसएमटी हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. सकाळी आठला लावलेली गाडी रात्री आठपर्यंत मालकाच्या नजरेआड असते. चाळीत आणि वस्तीत बंदिस्त पार्किंग नसतेच. गाडी रात्रभर गल्लीत उभी. म्हणून हल्ली बरेच तरुण विचारतात, “ट्रॅकर बसवू का? कोणता बसवू?” त्याचे उत्तर इथे एकत्र मांडत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. ट्रॅकर चोरी थांबवत नाही. तो फक्त गाडी कुठे आहे ते सांगतो. ते वेळेवर कळले आणि कळल्यावर आपण योग्य पाऊल उचलले, तरच पैसे वसूल.

आधी कुलूप आणि विमा

जुन्या गाड्यांचे हँडल लॉक जोर लावून तोडता येते. त्यामुळे पहिला खर्च चांगल्या डिस्क लॉकवर किंवा जाड साखळीवर करावा. साखळी नुसती चाकात अडकवू नये, खांबाला किंवा जाळीला बांधावी. चोराला वेळ लागेल ती गाडी तो सहसा सोडून देतो.

दुसरी गोष्ट विम्याची. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. यातून मोठा गैरसमज झाला आहे. कागदावर पाच वर्षे दिसतात म्हणून लोक निर्धास्त राहतात. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याचे नुकसान भरून देतो. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ किंवा सर्वसमावेशक विमा लागतो, आणि अनेकदा तो पहिल्या वर्षापुरताच असतो. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि ओन डॅमेजची शेवटची तारीख पाहा.

डिलिव्हरीचे काम करणाऱ्यांनी आणखी एक ओळ वाचावी. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वाहन कशासाठी वापरायचे याची अट छापलेली असते. भाड्याने किंवा मालवाहतुकीसाठी वापर केल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. आपल्या कामाला ती पॉलिसी चालते का, हे विमा कंपनीला लेखी विचारून ठेवावे. तोंडी ‘हो’ला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

ट्रॅकर काम कसा करतो

“जीपीएस आहे तर सिम कशाला?” हा प्रश्न नेहमी येतो. उपग्रहाला आपली गाडी दिसत नसते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळेचे आणि आपल्या जागेचे संकेत पाठवत असतात. ट्रॅकर किमान चार उपग्रहांचे संकेत घेऊन स्वतःची जागा काढतो. इथपर्यंत इंटरनेट लागत नाही. पण ती जागा आपल्या मोबाइलपर्यंत पोहोचवायला मोबाइल नेटवर्क लागते, म्हणजे सिम लागते.

यावरून दोन अडचणी लक्षात येतील. उघड्यावर ठिपका बऱ्यापैकी अचूक असतो, पण स्टिल्ट पार्किंगमध्ये, तळघरात, पत्र्याच्या शेडखाली उपग्रहाचा संकेत क्षीण होतो आणि ठिपका इकडेतिकडे उडतो. दुसरे, माळशेज किंवा कसारा घाटाच्या दिशेने गाडी गेली आणि नेटवर्क तुटले, तर जागा कळूनही ती पाठवता येत नाही. चांगला ट्रॅकर अशा वेळी नोंदी साठवून ठेवतो आणि नेटवर्क येताच पाठवतो. ही सोय आहे का, ते घेताना विचारावे.

तीन प्रकार

पहिला, वायरने जोडलेला ट्रॅकर. हा गाडीच्या बॅटरीवर चालतो, चावी फिरवली की कळवतो, आणि आत छोटी राखीव बॅटरी असते. रोज वापरातल्या गाडीसाठी हाच जास्त उपयोगी.

दुसरा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, चुंबकाने चिकटणारा ट्रॅकर. वायर कापावी लागत नाही. पण तो वेळोवेळी काढून चार्ज करावा लागतो, आणि बॅटरी वाचवण्यासाठी तो बहुधा थांबून थांबून जागा कळवतो. दुसरा ट्रॅकर म्हणून ठीक, एकटा पुरेसा नाही.

तिसरा, ब्लूटूथ टॅग. अॅपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, अँड्रॉइडसाठीही टॅग मिळतात. यांत जीपीएस नसते. जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या मोबाइलला टॅगचा संकेत लागला की त्या मोबाइलची जागा आपल्याला कळते. स्टेशन परिसरात हे चालते, सामसूम रस्त्यावर नाही. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर फोन तशी सूचना देतो. पाठलाग रोखण्यासाठी ही सोय आवश्यकच आहे, पण त्यामुळे चोरालाही कळते. स्वस्त आहे म्हणून ट्रॅकरऐवजी टॅग घेणे योग्य नाही.

काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये ट्रॅकिंग कंपनीकडूनच येते. तिथे ती सेवा किती वर्षे मोफत आहे तेवढे तपासावे.

दुकानात विचारायचे सहा प्रश्न

१. सिम कोणाचे आणि कोणत्या नेटवर्कचे? काही स्वस्त ट्रॅकर फक्त टूजीवर चालतात. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे त्यात जिओचे सिम चालणार नाही. फोरजीवर चालणारा आणि गरज पडल्यास टूजीवर उतरणारा ट्रॅकर घ्यावा. सिम आत बसवूनच मिळत असेल, तर नूतनीकरणाची रक्कम बिलावर लिहून घ्यावी.

२. तीन वर्षांचा खर्च किती? यंत्राची किंमत, बसवणावळ आणि वार्षिक फी एकत्र मोजा. समजा यंत्र १,५०० रुपयांना आणि फी वर्षाला १,२०० आहे. पहिले वर्ष मोफत धरले तरी तीन वर्षांत ३,९०० रुपये होतात. दुसरे यंत्र २,५०० ला आणि फी ५०० असेल तर ३,५००. आधी स्वस्त वाटलेले यंत्र महाग पडते.

३. गाडी उभी असताना बॅटरी किती खातो? शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी छोटी असते. ती ४ अँपिअर-अवरची धरू. ट्रॅकर झोपेत न जाता सतत ५० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. तीन-चार दिवसांत बॅटरी उतरते. गावी जाऊन आलात की गाडी सुरू होत नाही. तोच ट्रॅकर झोपेत ५ मिलिअँपिअरवर आला तर तेवढीच बॅटरी उतरायला सुमारे महिना लागतो. म्हणून ‘स्लीप मोडमध्ये किती मिलिअँपिअर’ हा आकडा मागावा. दुकानदाराला माहीत नसेल तर खोक्यावर किंवा माहितीपत्रकात शोधावा.

४. सूचना कशी येते? नुसते नोटिफिकेशन पहाटे तीनला कोणाला उठवत नाही. गाडी हलली, चावीविना सरकली किंवा बॅटरीची वायर काढली, की फोनची घंटा वाजली पाहिजे. आणि सूचना दोन मोबाइलवर गेली पाहिजे. एक तुमचा, दुसरा घरी किंवा शेजारी असणाऱ्या विश्वासू माणसाचा. तुम्ही दादरला असाल तर कल्याण स्टेशनबाहेर पाच मिनिटांत पोहोचणारा कोणीतरी हवा.

५. पाणी किती सोसतो? आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. २००५ चा २६ जुलै आणि २०१९ च्या जुलैतला उल्हास नदीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. यापेक्षा कमी दर्जाचे यंत्र आपल्या पावसात बसवू नये.

६. इंजिन बंद करण्याची सोय कशी आहे? मोबाइलवरून इंजिन बंद करता येते ही जाहिरात आकर्षक आहे, पण धावती दुचाकी अचानक बंद पडली तर चालवणारा पडेल, मागचा वाहनचालक धडकेल. चोरालाही जीव आहे, आणि रस्त्यावरच्या इतरांनाही. गाडी थांबलेली किंवा वेग अगदी कमी असतानाच जी आज्ञा लागू होते, तीच सोय स्वीकारावी. नसेल तर ती वायर जोडूच नये.

बसवताना आणि बसवल्यावर

गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूममध्ये विचारावे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची वायरिंग नाजूक असते; चुकीची वायर कापली तर ट्रॅकरपेक्षा दुरुस्ती महाग पडते. वायरिंगचे काम रोज करणाऱ्याकडूनच ते करून घ्यावे आणि फ्यूज लावायला सांगावे. सीटखाली बॅटरीशेजारी ट्रॅकर ठेवू नये, चोर पहिल्यांदा तिथेच पाहतो. धातूच्या आड संकेत अडतो, प्लास्टिकच्या आड अडत नाही; त्यामुळे पुढच्या किंवा बाजूच्या प्लास्टिक पॅनेलमागची जागा बरी.

पैसे देण्यापूर्वी दोन चाचण्या घ्या. बॅटरीची वायर सोडून बघा : फोन वाजतो का, आणि राखीव बॅटरीवर ठिपका चालू राहतो का. दुसऱ्याला गाडी दोनशे मीटर ढकलत न्यायला सांगा : सूचना किती वेळात येते. तिसरी चाचणी घरी घ्या. रात्री गाडी उभी असते तिथला ठिपका खऱ्या जागेपासून किती लांब दिसतो, ते पाहा. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे ते फार महत्त्वाचे आहे.

नूतनीकरणाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पंधरा दिवस आधी टाका. सुरुवातीला सांगितलेल्या तरुणाचे नुकसान एवढ्याशा नोंदीअभावी झाले.

गाडी गेली तर

पहिला फोन ११२ वर. ठिपक्याचा स्क्रीनशॉट वेळेसह घ्या, दर पाच-दहा मिनिटांनी नवा घ्या. गाडी क्रमांक, चासी आणि इंजिन क्रमांक, ट्रॅकरच्या अॅपचे लॉगिन, आरसी आणि विम्याची प्रत हे सगळे आधीच मोबाइलमध्ये साठवलेले असावे.

मग गुन्हा नोंदवा. चोरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालचा दखलपात्र गुन्हा आहे. स्टेशन परिसरात हद्दीचा प्रश्न हमखास निघतो : रेल्वेच्या जागेतली गाडी लोहमार्ग पोलिसांची, बाहेरची शहर पोलिसांची. “आमच्या हद्दीत येत नाही” असे कोणी म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ची आठवण द्यावी. हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवता येते, आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात नोंद घेतलीच नाही, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. साधा तक्रार अर्ज आणि एफआयआर यांत फरक आहे. विमा कंपनी एफआयआर मागते.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, बँकेलाही. एफआयआर लगेच केली पण विमा कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणावरून खरा दावा नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितले आहे. तरी तो वाद ओढवून का घ्या? गाडी सापडलीच नाही तर विमा कंपनी तपासाचा अंतिम अहवाल मागते. आपल्याकडे त्याला ‘अ समरी’ म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास न लागलेला. दोन्ही चाव्याही मागतात, त्या जपून ठेवा.

गाडी सापडली तर ती मुद्देमाल म्हणून जमा होते आणि महिनोन् महिने ठाण्याच्या आवारात गंजते. असे होऊ देऊ नका. जप्त वाहने पोलीस ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नयेत, योग्य बंधपत्रावर मालकाला द्यावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणातला निकाल आहे. वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करून गाडी सुपूर्तनाम्यावर सोडवून घ्यावी.

ठिपका म्हणजे पुरावा नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचे. डोंबिवलीजवळ एका प्रसंगात आम्ही स्वतः मध्ये पडलो होतो. ट्रॅकरचा ठिपका एका वस्तीतल्या घरावर दिसत होता. गाडीमालक आणि त्याचे चार मित्र रात्री अकराला त्या दारावर गेले. घरात एक बाई आणि तिचा कामावरून आलेला मुलगा. आवाज वाढला, गल्ली जमली, मुलाची कॉलर धरली गेली. पोलीस आल्यावर गाडी सापडली ती मागच्या गल्लीत, मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली. त्या मुलाचा तिच्याशी काहीही संबंध नव्हता. गाडी परत मिळाली, पण त्या मुलाला पुढचे कित्येक दिवस शेजारी ‘तो गाडीवाला’ म्हणत राहिले.

ट्रॅकरचा ठिपका मोकळ्या जागेतही पाच-दहा मीटर इकडेतिकडे असतो. पत्रे आणि उंच इमारतींमधून तो आणखी सरकतो. दहा बाय दहाच्या खोल्यांच्या गल्लीत दहा मीटर म्हणजे तीन-चार घरे, समोरची ओळ धरली तर सात-आठ. ठिपका गल्ली दाखवतो, दार दाखवत नाही, आणि माणूस तर मुळीच दाखवत नाही.

आपल्या वाचकांना हे वेगळे समजावायला नको. परिसरात चोरी झाली की पहिला संशय कोणत्या वस्तीवर जातो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर मात्र गेली नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. संशयाला हातपाय फुटले की काय होते, ते तिथे दिसले. ज्यांनी हे भोगले, त्यांनी मोबाइलवरच्या ठिपक्याच्या जोरावर दुसऱ्याच्या दारात जमाव घेऊन जाऊ नये.

व्यवहारातही ते धोक्याचेच आहे. रात्री अनोळखी वस्तीत गाड्यांभोवती घुटमळणारा आपला तरुण तिथल्या लोकांना चोरच वाटेल. म्हणून नियम एकच : ठिपका पोलिसांना द्या, पोलिसांसोबतच जा, ते येईपर्यंत दुरून गाडीवर लक्ष ठेवा. गाडीपेक्षा मुलगा घरी परतणे मोलाचे आहे.

हाच ठिपका आपल्यावरही असतो

ट्रॅकर गाडीबरोबर आपलीही नोंद ठेवतो : कुठे गेलो, किती वेळ थांबलो, कोणाच्या घरी. जुलै २०२२ मध्ये मायकोडस या कंपनीच्या एका ट्रॅकरमधल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने तसा इशारा दिला. त्या यंत्रांचा मूळ पासवर्ड ‘१२३४५६’ होता आणि बहुतेकांनी तो बदललाच नव्हता. पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. बिलाविना, कंपनीचा पत्ता नसलेले यंत्र घेऊ नका. गाडी विकताना अॅपमधून यंत्र काढून टाका. सेकंडहँड गाडी घेताना जुना ट्रॅकर आत आहे का ते तपासा.

आणि घरातही एक मर्यादा पाळा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. गाडी सापडावी म्हणून ट्रॅकर बसवायचा आणि मग स्कूटरवरून कॉलेजला जाणारी मुलगी कुठे थांबली ते रोज पाहायचे, हे सुरक्षेचे काम नाही. चालवणाऱ्याला ट्रॅकर आहे हे माहीत असावे, आणि गाडी गेल्याशिवाय तो उघडू नये, हे घरात आधीच ठरवावे.

शेवटी एक सूचना. एकेकट्याने विकत घेण्यापेक्षा गल्लीतल्या दहा-पंधरा जणांनी मिळून चौकशी करावी; दर कमी होतो आणि बसवणारा माणूसही जबाबदारीने काम करतो. विहारात किंवा मंडळाच्या कार्यालयात एका रविवारी सगळ्यांनी आपापली पॉलिसी आणि आरसी घेऊन बसावे, ओन डॅमेजच्या तारखा एका वहीत लिहाव्यात, ट्रॅकरच्या नूतनीकरणाच्या तारखाही त्याच वहीत. महिन्यातून एकदा कोणीतरी ती वही उघडावी. कल्याण पूर्वेच्या त्या तरुणाच्या शेजारी अशी वही असती, तर दीड महिना आधी कोणीतरी त्याला हाक मारून सांगितले असते, “अरे, तुझ्या ट्रॅकरचे वर्ष संपतेय.”